सशाचा पिंजरा आधी वरून बघा, मग आडवा करून खालून

ताई, तुम्ही विचारलंय ते असं: कोल्हापूरजवळच्या पाचगावात नवीन घर झालंय, मागं कंपाउंडच्या भिंतीलगत बारा बाय आठ फुटांची मोकळी जागा आहे, सासऱ्यांना दम्याचा त्रास असल्यामुळं दोन मोठे ससे घरातून बाहेर हलवायचेत. ऑनलाइन मिळणारा हिरव्या छपराचा, आत जिना असलेला दुमजली लाकडी पिंजरा घ्यावा की कोल्हापुरातच करून घ्यावा, आणि कोणता जास्त टिकेल?

करून घ्या. माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं काम असल्यामुळं हे उत्तर सोयीचं वाटेल, म्हणून कारणं सविस्तर देतो. ती पटली तर कुणाकडूनही करून घ्या, माझ्याकडंच यायला पाहिजे असं काही नाही.

जाहिरातीत पिंजरा नेहमी समोरून दाखवतात. छोटी खिडकी, पांढऱ्या पट्ट्या, दारातून डोकावणारा ससा. प्रत्यक्षात पिंजरा खराब व्हायला सुरुवात होते ती छपरापासून आणि तळापासून. उद्यमनगरात आमच्या शेडवर दुरुस्तीला जे पिंजरे येतात त्यांची पुढची बाजू बहुतेकदा ठणठणीत असते. छप्पर फुगलेलं असतं आणि तळाचा एक कोपरा कुजलेला असतो. एकच कोपरा, बाकीचा तळ बरा.

हा एक कोपरा का, ते समजलं की निम्मं काम झालं. ससा लघवीसाठी जागा धरतो आणि शक्यतो ती सोडत नाही. शिवाय त्याचं शरीर अन्नातलं जादा कॅल्शियम मुख्यतः लघवीवाटे बाहेर टाकतं. त्यामुळं लघवी गढूळ असते आणि वाळली की पांढरट खर धरते. या खरीखाली ओल अडकून राहते. वरून तळ कोरडा दिसतो, आतून लाकूड भिजत असतं. साध्या प्लायचा असा कोपरा नखानं उचकटून बघा, वहीची पानं सुटावीत तसे थर सुटतात. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचा ट्रे असेल तर आधी पांढरी पूड येते, मग तांबूस ठिपके, आणि एक दिवस ट्रे उचलला की बोट आरपार जातं.

उपाय स्वस्त आहे. ससे ज्या कोपऱ्यात बसतात तिथं प्लास्टिकचा उथळ टब ठेवायचा, त्यात कागदाचे तुकडे आणि वर भरपूर सुकं गवत. ससे गवत खात खात तिथंच बसतात आणि तिथंच उरकतात. टब रोज रिकामा करायचा, आठवड्यातून एकदा त्यात साधं पांढरं व्हिनेगर ओतून थोडा वेळ ठेवलं की खर विरघळून निघते. खरवडायची गरज नाही, ॲसिडची तर अजिबातच नाही. टबाखाली आणि भोवती हातभर जागेत खडबडीत, न घसरणारी बाथरूमची टाइल बसवून घ्या. घरबांधणीत उरलेल्या चार टाइल्स तुमच्याकडं पडून असतीलच. एवढं केलं की तळाचं आयुष्य कितीतरी वाढतं.

तळाबद्दल आणखी एक. बरेच कारागीर ससा म्हटला की जाळीचा तळ देतात, लेंड्या खाली पडाव्यात म्हणून. मांसासाठी किंवा पिल्लांच्या धंद्यासाठी ससे पाळणाऱ्यांची ती पद्धत आहे आणि तीच घरगुती पिंजऱ्यात आली. सशाच्या पायाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, फक्त दाट केस असतात. मोठा, वजनदार ससा दिवसभर तारेवर बसला की टाचेकडचे केस झिजतात, कातडी लाल होते, मग जखम होते, आणि ती बरी व्हायला फार वेळ घेते. तेव्हा तळ भरीव पाहिजे आणि वर गवताचा जाड थर पाहिजे. शेळ्यांच्या गोठ्यात वापरतात त्या भोकाच्या प्लास्टिक जाळ्याही कुणी सुचवतील. मोठ्या सशाला टबाच्या आसपास तेवढ्यापुरत्या चालतील, पण पूर्ण तळ तसा करू नका.

आता छप्पर. कोल्हापुरात छपराला वर्षात दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एप्रिल-मे मध्ये पारा 38 च्या पुढं जातो. सशाला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल. त्याची उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर जाते, आणि हवाच तापलेली असली की तोही मार्ग बंद होतो. 15 ते 20 अंशांत ससा सुखी असतो. 28-30 च्या वर गेलं की जपायला लागायचं. थंडीची फारशी काळजी करू नका. कोरडा, वाऱ्याचा झोत न लागणारा ससा आपल्या डिसेंबर-जानेवारीत आरामात राहतो. लोक थंडीसाठी पिंजरा बंदिस्त करतात आणि तोच पिंजरा उन्हाळ्यात भट्टी होतो. त्यानंतर जूनपासून पाऊस, तोही वाऱ्यासकट आडवा येणारा.

ऑनलाइन पिंजऱ्याचं छप्पर म्हणजे बहुतेकदा पातळ फळीवर चिकटवलेला डांबरी फेल्ट. थंड देशांतल्या रिमझिम पावसासाठी तो ठीक असेल. आपल्या उन्हात तो मऊ होतो, कडा वळतात, त्या खालून पाणी शिरतं आणि फळी फुगते. दुमजली पिंजऱ्यात वरच्या मजल्यावरून सशाचं तोंड त्या कडेपर्यंत पोचत असेल तर तो डांबर कुरतडतो, हे वेगळंच संकट. पारदर्शक किंवा हिरवा फायबर पत्राही नको, त्याखाली उष्णता कोंडते. जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळाले तरी घेऊ नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना उडणारी धूळ माणसाच्याच फुप्फुसाला घातक असते. तुमच्या घरात तर आधीच दम्याचा रुग्ण आहे.

मी दोन छपरं सुचवतो. पहिलं, दुहेरी छप्पर. वर रंगीत कोटिंगचा पत्रा, शक्यतो पांढरा किंवा फिकट, त्याखाली चार ते सहा इंच मोकळी पोकळी, आणि मग झोपायच्या खोलीचं खरं छत. पोकळी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवायची, त्यातून वारा गेला पाहिजे. उंदीर, पाल घर करू नये म्हणून तिथं बारीक जाळी मारायची. दुसरं, पफ पॅनेल. शीतगृहं आणि कारखान्यांच्या शेडला वापरतात ते, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कामांचे उरलेले तुकडे फॅब्रिकेटरकडं पडलेले असतात. सशाच्या पिंजऱ्याला लागून लागून किती लागणार, एक तुकडा पुरतो. फक्त त्याच्या चारही कडा पत्र्याची पट्टी वाकवून बंद करून घ्या. उघडा फोम दिसला की ससा तो खाणार आणि मुंग्या त्यात घर करणार.

उतार मागच्या बाजूला द्या, छपराच्या दर चार फुटांमागं निदान सहा इंच. पुढं छप्पर फूटभर तरी बाहेर आलं पाहिजे. पागोळीचं पाणी पिंजऱ्याच्या पायाशी पडून चिखल होत असेल तर मागं अर्धगोल पाइपची पन्हाळ लावून ते गटारीकडं न्या. उन्हाळ्यात पत्र्यावर उसाचं पाचट अंथरून दोरीनं बांधलं की आतलं तापमान चटकन उतरतं. पाचगावच्या आसपास पाचट मिळायला अडचण नाही. जूनच्या आधी मात्र ते काढून टाकायचं. भिजलेलं पाचट कुजतं, त्यात किडे होतात आणि पत्राही खराब होतो.

जाळीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण फसवाफसवी तिथं सगळ्यात जास्त चालते.

षटकोनी कोंबडी जाळी ही कोंबड्या आत ठेवण्यासाठी असते. कुत्र्याला बाहेर ठेवण्याची तिची ताकद नाही. भटकं कुत्रं पंजा आणि दात लावून ती फाडतं, आणि मोठा ससा मनात आणलं तर आतून तार तोडतो. पाहिजे ती वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड करून केलेली चौकोनी भोकांची जाळी. भोक अर्धा इंच बाय अर्धा इंच, फार तर अर्धा बाय एक. पाचगावच्या बाजूला मोकळी जमीन आणि ओढे आहेत, म्हणजे मुंगूस, घूस, धामण, नाग सगळं आलंच. एक इंची चौकोनातून उंदीर आणि साप आरामात आत येतात. उंदीर आला की दाणा नासतो, आणि उंदराच्या मागावर साप येतो.

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. नवीन माणूस इथंच गडबडतो. 14 गेज म्हणजे साधारण 2 मिलिमीटर, 16 गेज 1.6, 18 गेज 1.2, आणि 22 गेज जेमतेम 0.7. तुमच्या कामाला 16 गेज घ्या, त्याहून बारीक नको. दुकानदार सांगेल त्यावर राहू नका. कुठल्याही फॅब्रिकेटरकडं व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं माप असतं, तुमच्यासमोर तार मोजायला लावा. दुकानात अंगठ्यानं जाळीच्या मधोमध दाबून बघा. 22 गेजची जाळी आत जाऊन तशीच खोलगट राहते, 16 ची परत सरळ होते.

पुढचं निरखून बघायचं असतं. जिथं दोन तारा एकमेकींना मिळतात तो सांधा डोळ्याजवळ धरा. काही जाळ्या जस्ताचा थर दिलेल्या तारांपासून वेल्ड करतात. वेल्ड होताना त्या जागचं जस्त जळतं आणि सांध्यावर बारीक तपकिरी काळपट ठिपका दिसतो. पहिल्या पावसात गंज तिथूनच फुटतो. दुसऱ्या प्रकारात आधी जाळी वेल्ड करतात आणि मग अख्खी जस्तात बुडवतात. तिच्या सांध्यांवर जस्ताचा छोटा थेंब जमलेला असतो, चमक कमी असते, हाताला थोडी खरखरीत लागते. दिसायला पहिली जास्त चकचकीत म्हणून लोक तीच उचलतात. तुम्ही दुसरी मागा. महाग असते, पण पिंजऱ्यात पैसे घालायची जागा हीच आहे.

आता सांगाडा. तुमच्या जागेत मी एक इंची चौकोनी जीआय पाइपचा सांगाडा करीन आणि आत झोपायची खोली लाकडाची. संपूर्ण लाकडी काम देखणं दिसतं, पण बाहेर उघड्यावर त्याची दरवर्षी निगा राखायला लागते आणि ती कुणी राखत नाही. पाइपची भिंत 1.6 मिलिमीटर तरी पाहिजे. आमच्या धंद्यात लोखंडी कामाचा भाव किलोवर सांगतात. त्यामुळं एखाद्यानं एकूण आकडा फारच कमी सांगितला तर त्याचा दर कमी असेल असं समजू नका, बहुधा पाइप पातळ आहे. कोटेशनवर पाइपची जाडी आणि अंदाजे वजन लिहून घ्या.

पाइपची टोकं बंद केलीत का ते बघा. उघड्या टोकातून पाणी आत जातं, आतून गंज चढतो आणि बाहेरचा रंग नवाकोरा असताना पाय मोडतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळलेलं असतं, तिथं ग्राइंडिंग करून जस्ताचा स्प्रे किंवा चांगला प्रायमर मारून मगच रंग.

रंगाबद्दल जपा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) असावी हा नियम देशात 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्यात येत नाहीत. आणि आम्ही गेट-ग्रीलला मारतो तो डबा बऱ्याचदा औद्योगिकच असतो. ससा पाइप चाटतो, कडा कुरतडतो. म्हणून डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलेला घरगुती वापराचा रंग तुम्हीच आणून द्या, नाहीतर पावडर कोटिंग करून घ्या. रंग झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत पिंजरा उन्हावाऱ्यात रिकामा ठेवायचा.

झोपायच्या खोलीला लाकूड कुठलं? आपल्याकडं जुने वाडे पडतात, त्यातले सागवानी वासे आणि तक्तपोशीच्या फळ्या भंगार लाकूडवाल्यांकडं मिळतात. नव्या सागवानाच्या निम्म्यानं मिळाल्या तरी माल सरस असतो, वर्षानुवर्षं वाळलेला, वाकायचा राहिलेला नाही. मात्र त्यांवर जुना तेलरंग असेल तर त्यात शिसं असण्याची दाट शक्यता असते. तो रंधून पूर्ण काढायला लावा, आणि तेही घराच्या अंगणात नको. आंब्याची फळी स्वस्त मिळते पण तिला भुंगा लवकर लागतो. एमआयडीसीतून येणाऱ्या पॅकिंगच्या पॅलेट वापरायच्या असतील तर त्यांवरचा जळका शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं लाकूड, ते चालतं. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. शिक्काच नसेल तर सोडून द्या. प्लाय घेणार असाल तर आयएस 710 चा मरीन प्लाय, आणि त्याच्या उघड्या कडांना ॲल्युमिनियमची पट्टी. ससा सपाट भिंत कुरतडत नाही, त्याला कड लागते. त्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, त्यामुळं कुरतडणं तो सोडणार नाही. म्हणून दाराची चौकट, भोकाची कड, फळीची टोकं झाका आणि आत बाभळीच्या सुक्या फांद्या काटे काढून टाका, किंवा पेरूच्या फांद्या द्या. तुमच्या परिसरात पेरूची झाडं भरपूर. एमडीएफ आणि भुशाच्या पाट्या बाहेरच्या कामाला शून्य किमतीच्या, ओल लागली की खीर.

वाळवीसाठी सुतार औषध मारायचं म्हणेल. मारू देऊ नका. पाय लोखंडी असले आणि लाकूड जमिनीपासून दीड-दोन फूट वर असलं की वाळवीचा प्रश्न जवळपास मिटतो. मुंग्यांसाठी चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात ते ठीक आहे, पण दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डासांची पैदास होते.

मापाचं बोलू. ऑनलाइन पिंजरा तीन-चार फुटांचा असतो आणि जिना धरून दोन मजले दाखवून मोठा भासवतात. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी निदान 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 3 फूट उंच अशी सलग जागा सुचवते. हे माप ऐकून आपल्याकडं लोक हसतात. पण तुमची जागा बारा बाय आठ आहे, म्हणजे ते तुम्हाला सहज जमतंय. दहा बाय सहाचं जाळीचं अंगण करा आणि त्याच्या एका टोकाला चार बाय दोनची झोपायची खोली. दोन्ही कायम जोडलेली, मध्ये दार बंद करायची भानगड नको. ससे पहाटे आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त हुंदडतात, त्या वेळी तुम्ही दार उघडायला हजर असालच असं नाही. सशाला सरळ तीन उड्या मारता आल्या पाहिजेत आणि मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान छताला लागता कामा नयेत. अंगणाची उंची तीन फुटांऐवजी साडेपाच-सहा करून घेतलीत तर तुम्हाला आत उभं राहून झाडता येईल. जाळी थोडी जास्त लागेल, पण ज्या पिंजऱ्यात वाकून शिरावं लागतं तो रोज झाडला जात नाही, हे मी खात्रीनं सांगतो.

खोलीला दोन वाटा ठेवा. दोघांचं भांडण झालं तर एकाला पळायला जागा पाहिजे, आणि एका दारातून साप आला तर दुसरीकडून निसटता आलं पाहिजे. खोलीचं छत बिजागरीवर उघडणारं करून घ्या, म्हणजे हात सगळ्या कोपऱ्यांपर्यंत जातो. दारांना साधी हूक-कडी नको, कुत्रं नाकानं उचलतं. वर-खाली दोन टॉवर बोल्ट आणि त्यात अडकवायला क्लिप.

अंगणाचा तळ मातीचा ठेवायचा असेल तर ससे खणणार हे गृहीत धरा, मादी असेल तर नक्कीच. बाहेरून कुत्रं आणि घूसही खणते. जाळी भिंतीसारखी खाली आणून जमिनीलगत बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवायची आणि वर दगड-माती टाकायची. खणणारं जनावर भिंतीच्या अगदी मुळाशी खणायला लागतं आणि तिथं त्याला जाळी लागते. मागं सरकून खणावं हे त्याला सुचत नाही. तुमच्याकडं मुरमाड जमीन असेल तर पाण्याचा निचरा चांगला होईल, मातीच ठेवा. काळी माती असेल तर पावसाळ्यात राड होईल, मग शहाबादी फरशी घाला, थोडा उतार देऊन. अर्ध्या भागात गवताचा थर ठेवा. उन्हाळ्यात उरलेल्या गार फरशीवर ससे पोट टेकून पसरतात.

जागा ठरवताना दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तिथं जाऊन उभं राहा. सकाळी सावली बघून जागा ठरवली आणि दुपारी पश्चिमेचं ऊन थेट आत, असं बऱ्याच घरी होतं. कंपाउंडची भिंत पश्चिमेला असेल तर ती संध्याकाळपर्यंत तापून रात्री उष्णता सोडते, तिला चिकटून खोली ठेवू नका, फूटभर अंतर सोडा. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून खोलीची उघडी, जाळीची बाजू पूर्वेकडं किंवा ईशान्येकडं. वळवाचा पाऊस मात्र कुठूनही येतो, त्यासाठी गुंडाळता येणारी ताडपत्री बाजूंना असू द्या. ती वरपर्यंत घट्ट लावायची नाही, वरच्या चार-सहा इंचांतून हवा खेळली पाहिजे. बंद पिंजऱ्यात लघवीचा अमोनिया साठतो आणि सशांचं नाक वाहायला लागतं.

पावसाळ्यात तळ ओला राहिला की आणखी एक भयंकर प्रकार होतो. मागच्या बाजूला घाण चिकटलेल्या सशावर माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या कातडीत शिरतात. जून ते सप्टेंबर रोज दोनदा सशाचा मागचा भाग शेपटीखालपर्यंत नीट बघायचा. अळी दिसली तर घरगुती उपाय न करता लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडं. आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेलं फिप्रोनिलचं औषध सशाला कधीही लावायचं नाही, ते त्याच्या जिवावर बेततं.

ऐन मे महिन्यात कितीही चांगलं छप्पर असलं तरी दुपारी मदत लागतेच. बाटलीत पाणी गोठवून, फडक्यात गुंडाळून आत ठेवा. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट लटकवा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याचा गारवा चांगला येतो, पावसाआधी हवा दमट झाली की कमी. ससा तोंडानं धापा टाकतोय, ओठ ओले झालेत, आडवा पडलाय असं दिसलं तर कान गार पाण्यानं ओले करत करत डॉक्टर गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

गणपतीत साउंड सिस्टिम आणि दिवाळीत फटाके, या दिवसांत ससे रात्री आत घ्यायचेच. भीतीनं ससा जाळीवर डोकं आपटतो, कधी कधी तसाच दगावतो. सासऱ्यांच्या खोलीपासून लांबची एखादी बाथरूम किंवा पोर्चमधला कोपरा त्यासाठी आत्ताच ठरवून ठेवा.

पाचगाव उंचावर आहे, तुम्हाला पुराची भीती नाही. पण हे वाचणारे कुणी दुधाळी, सुतारवाडा, प्रयाग चिखली किंवा शिरोळकडचे असतील तर त्यांनी मी सांगितला तसा जागेवर बसवलेला सांगाडा करू नये. 2019 आणि 2021 च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यांनी नट-बोल्टवर सुटणारं अंगण करून घ्यावं, आणि झोपायची खोली घराच्या दारातून, जिन्यातून वर जाईल एवढ्याच रुंदीची. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की ससे वर. 43 ची धोका पातळी गाठेपर्यंत थांबायचं नाही, कारण तेव्हा घरातल्या माणसांचीच धावपळ चालू असते.

काम कधी द्यायचं? मार्च ते मे सगळे फॅब्रिकेटर पावसाळी शेडच्या कामात गुंतलेले असतात. त्या वेळी तुमचं छोटं काम मागं पडतं आणि घाईत उरकतं. दिवाळीनंतर द्या, निवांत होतं. ॲडव्हान्स देताना चार गोष्टी कागदावर घ्या: जाळीचा गेज आणि भोक, जाळी वेल्डनंतर जस्तात बुडवलेली, पाइपची जाडी, आणि प्लाय असेल तर आयएस नंबर. सुतार आणि फॅब्रिकेटर वेगवेगळे असतील तर खोलीचं माप एकानं घेऊन दुसऱ्याला द्यायचं, दोघांनी आपापलं घेतलं की अर्धा इंच कुठंतरी चुकतोच.

पिंजरा जागेवर बसला की ससे सोडण्याआधी आत सगळीकडं जुने पेपर अंथरा, गाडी धुवायच्या पाइपनं छपरावर आणि पश्चिमेच्या बाजूनं दहा मिनिटं आडवं पाणी मारा. मग दार उघडून पेपर बघा. जिथं भिजलाय तिथं खडूनं खूण करून कारागिराला दाखवा. राहिलेले पैसे ते दुरुस्त झाल्यावर द्या.